फाशी रद्द करा, पण विधेयक नीट लिहा

मध्य प्रदेशातल्या माळवा आणि निमाड भागातले तीन खटले एकत्र मांडून पाहावेत.

पहिला खंडव्याचा. २०१३ च्या सुरुवातीला नऊ वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. एका गरीब तरुणाला पकडलं. विधिसेवेतून, म्हणजे गरिबांना सरकारी खर्चानं वकील देणाऱ्या यंत्रणेतून, त्याला वकील मिळाला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि तिथून दोन आठवड्यांत फाशी सुनावून झाली. उच्च न्यायालयानं ती कायम केली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे सगळं रद्द करून खटला नव्यानं चालवायला लावला. फाशी होऊ शकेल अशा खटल्यात विधिसेवेच्या वकिलाची किमान दहा वर्षं वकिली झालेली असावी आणि त्याला तयारीसाठी निदान सात दिवस मिळावेत, हा दंडक त्याच निकालातला. पुढच्या फेऱ्यांमध्ये डीएनए पुराव्याची खरी छाननी झाली आणि मार्च २०२४ मध्ये तो माणूस निर्दोष सुटला. तोवर त्याची अकरा वर्षं तुरुंगात गेली होती.

दुसरा आपल्या इंदूरचा, राजवाड्याच्या परिसरातला. एप्रिल २०१८. बळी गेलेलं बाळ काही महिन्यांचं होतं. सारं शहर सुन्न झालं होतं, आणि संताप रास्त होता. १२ मे २०१८ ला, म्हणजे गुन्ह्याला महिनाही उलटला नव्हता तेव्हा, फाशीचा निकाल आला. त्या वेगाचं देशभर कौतुक झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोषसिद्धी आणि शिक्षा दोन्ही रद्द केल्या: खटला इतक्या घाईनं उरकला गेला की बचावाला संधीच मिळाली नाही, तेव्हा पहिल्यापासून पुन्हा चालवा.

तिसरा मंदसौरचा. गुन्हा जून २०१८, फाशी ऑगस्ट २०१८. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो परत पाठवला. कारण डीएनए अहवाल देणाऱ्या तज्ज्ञांची साक्षच झालेली नव्हती. अहवालाचा कागद पुराव्यात गेला, पण नमुना कुणी घेतला, सील शाबूत होतं का, तपासणी कशी केली, हे विचारायला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कुणी उभंच केलं गेलं नाही.

तिन्ही गुन्हे भयंकर आहेत, त्यात वाद नाही. पण त्या तिन्ही कुटुंबांच्या हातात काही आठवड्यांत निकाल दिला गेला आणि पाच ते सात वर्षांनी तो काढून घेतला गेला. कच्च्या तपासावर आणि घाईच्या सुनावणीवर फाशीचं झाकण ठेवलं की काही काळ सगळ्यांना काम चोख झाल्यासारखं वाटतं. झाकण उघडतं तेव्हा खाली ठोस असं काही सापडत नाही, आणि तेव्हा तिथे बघायला फक्त त्या घरची माणसं उरलेली असतात.

देशभर लागू होईल असा एक केंद्रीय कायदा करून फाशी रद्द करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र नुसतं ‘फाशी रद्द’ म्हणून भागणार नाही. फाशीच्या आधारानं आपल्या फौजदारी कायद्यात इतर अनेक गोष्टी उभ्या आहेत. ती काढताना त्या कोसळू नयेत, याचा विचार विधेयकाच्या मसुद्यातच व्हायला हवा. फाशीच्या विरोधात बोलणारेही या बाजूकडे फारसं लक्ष देत नाहीत, म्हणून इथे त्यावर जास्त लिहितो आहे.

आधी घाई येते कुठून ते पाहू. मध्य प्रदेश विधानसभेनं डिसेंबर २०१७ मध्ये बारा वर्षांखालील मुलीवरच्या बलात्काराला फाशी देणारं विधेयक मंजूर केलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. पुढच्याच वर्षी केंद्रानं तोच मार्ग धरला. २०१८ मध्ये देशभरातल्या सत्र न्यायालयांनी १६२ जणांना फाशी सुनावली. त्यांतल्या २२ शिक्षा एकट्या मध्य प्रदेशातल्या होत्या, सर्व राज्यांत सर्वाधिक. याच काळात आपल्या राज्यात सरकारी वकिलांच्या कामाला गुण देण्याची पद्धत आली. फाशी मिळवली तर हजार गुण, जन्मठेप मिळवली तर पाचशे. सरकारी वकिलाचं काम न्यायालयापुढे संपूर्ण पुरावा ठेवणं, आरोपीच्या बाजूचा असेल तोही. त्याच्या बढतीचा हिशेब माणसाच्या मरणावर बांधला की तो आरोपीच्या बाजूचा कागद पुढे कशाला करील? २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात या पद्धतीवर प्रश्न उपस्थित झाला, तो झालाच पाहिजे होता.

त्यात वकिलांचाही वाटा आहे. अशा गुन्ह्यानंतर गावोगावच्या वकील संघटना आरोपीचं वकीलपत्र न घेण्याचे ठराव करतात. असे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलं आहे. तरी ते होतात, आणि मग आरोपीच्या वाट्याला येतो तो आदल्या दिवशी नेमलेला, कागदपत्रं पूर्ण न वाचलेला वकील. वर जाऊन खटला मोडतो तो नेमका इथे.

आता ‘दुर्मिळातले दुर्मीळ’ या कसोटीकडे वळू. १९८० च्या बचनसिंग निकालात पाचपैकी चार न्यायमूर्तींनी फाशी घटनाबाह्य नसल्याचं ठरवलं, पण अट घातली: जन्मठेप हा नियम, फाशी हा अपवाद, आणि गुन्ह्याइतकाच गुन्हेगाराचाही विचार करायचा. कायद्यातही तसंच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम ३९३ खाली फाशी द्यायची तर खास कारणं लिहावी लागतात, आणि कलम २५८ खाली दोषी ठरवल्यावर शिक्षेच्या मुद्द्यावर वेगळी सुनावणी घ्यावी लागते.

प्रत्यक्षात ही सुनावणी कशी होते ते कोर्टात वावरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. सकाळी दोषी ठरवतात, जेवणाच्या सुट्टीनंतर शिक्षेवर ऐकतात. आरोपीचा वकील उठून म्हणतो: गरीब आहे, पहिलाच गुन्हा आहे, घरी म्हातारे आईवडील आणि लहान मुलं आहेत, दया व्हावी. सरकारी वकील म्हणतो: गुन्हा अमानुष आहे, समाज हादरला आहे. संपलं. निकालपत्रात पहिल्या बाजूला दोन ओळी मिळतात, दुसरीला दोन पानं. माणूस सुधारण्याची शक्यता उरलेलीच नाही, हे सरकारनं पुराव्यानिशी दाखवायचं असतं. त्याबद्दल एकही कागद दाखल झालेला नसतो.

हे बदलण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न इंदूरच्याच एका खटल्यातून झाला. जून २०११ मध्ये इथल्या एका मराठी घरातल्या तीन पिढ्यांच्या तिघी बायकांचा दिवसाउजेडी खून झाला. रामबागेपासून राजेंद्रनगरपर्यंत प्रत्येक मराठी घरात तेव्हा दाराला जादा कडी लागली होती. दोन पुरुष आणि एक बाई अशा तिघांना २०१३ मध्ये सत्र न्यायालयानं फाशी दिली आणि २०१४ मध्ये उच्च न्यायालयानं ती कायम केली. २० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दोष कायम ठेवून शिक्षा जन्मठेपेवर आणली: किमान पंचवीस वर्षं, मध्ये सूट नाही. ‘मनोज विरुद्ध मध्य प्रदेश’ या नावानं तो निकाल आता देशभर उद्धृत होतो. त्यानं सत्र न्यायालयांना कामांची यादीच घालून दिली. आरोपीचं मानसिक व मनोवैज्ञानिक मूल्यमापन सरकारनं करून घ्यायचं आणि तेही लवकर, म्हणजे गुन्ह्याच्या वेळची मनःस्थिती कळेल. वय, बालपणातलं घर, तिथली मारहाण किंवा आबाळ, शिक्षण, मिळकत, कामाचं स्वरूप, पूर्वीचे गुन्हे, आजार यांची माहिती गोळा करायची. तुरुंगातल्या वागणुकीचा आणि तिथे केलेल्या कामाचा अहवाल मागवायचा. बचावाला त्यावर उत्तर देण्याची संधी द्यायची. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं: ज्यांच्या बाबतीत हे झालं नाही, त्यांना राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ खाली, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊन, शिक्षेचा मुद्दा पुन्हा मांडता येईल.

निकाल उत्तम आहे, पण तो पाळण्याची यंत्रणा जिल्ह्याच्या ठिकाणी नाही. असं मूल्यमापन एका भेटीत होत नाही. तुरुंगात अनेक बैठका घ्याव्या लागतात, आरोपीचं गाव गाठावं लागतं, शाळेचे दाखले शोधावे लागतात, घरच्यांना बोलतं करावं लागतं. आरोपीच्या पार्श्वभूमीचा अहवाल देणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्याच्या टेबलावर आधीच डझनभर प्रकरणं पडलेली असतात, मग तो तहसीलदाराच्या दाखल्यासारखा एक पानाचा छापील अहवाल पाठवतो: ‘वर्तन समाधानकारक’. एवढ्यावर एखादा माणूस जगण्यास कायमचा अपात्र आहे असं ठरवायचं, आणि यादीप्रमाणे सर्व झालं अशी नोंद करायची.

याच खटल्यानं आणखी एक दोष उघड केला, आणि माझ्या मते फाशीच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये जी शिक्षा योग्य वाटली, सूट नसलेली पंचवीस वर्षं, ती २०१३ मध्ये इंदूरच्या सत्र न्यायाधीशांना देताच येत नव्हती. त्यांच्यापुढे दोनच पर्याय होते. एक फाशी, दुसरा साधी जन्मठेप, जिच्यात चौदा वर्षांनंतर सुटकेचा विचार होऊ शकतो. वीस, पंचवीस, तीस वर्षांची विनासूट शिक्षा ही २००८ नंतर सर्वोच्च न्यायालयानं घडवलेली गोष्ट आहे. २०१५ मध्ये घटनापीठानं तिला मान्यता दिली, पण अधिकार फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांकडे ठेवला. म्हणजे ज्या न्यायाधीशानं साक्षीदार पाहिले, पुरावा तपासला, त्याच्याच हातात योग्य ते माप नाही. तीन बायकांच्या खुनाला चौदा वर्षं ही शिक्षा त्याला अपुरी वाटते, आणि ती अपुरी आहेच. मग तो दुसरं टोक धरतो. वरची न्यायालयं आठ-दहा वर्षं घेऊन मधलं माप शोधून काढतात. ते माप कायद्यात आधीच लिहिलेलं असतं तर त्या कुटुंबाची पायपीट २०१४ मध्येच संपली असती.

आकडेही हेच दाखवतात. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं २००० ते २०१५ या काळातल्या फाशीच्या शिक्षांचा मागोवा घेतला. १४८६ कैद्यांपैकी ४.९ टक्क्यांची फाशी शेवटपर्यंत टिकली. ६५.३ टक्के लोकांची शिक्षा कमी झाली. २९.८ टक्के लोक निर्दोष सुटले. फाशी सुनावलेल्या दर दहापैकी जवळपास तिघांवर गुन्हाच सिद्ध झाला नाही. दुसरं कुठलंही सरकारी काम इतक्या चुकांसह चालू दिलं नसतं. प्रत्यक्षात २००० नंतर आजवर आठ जणांना फासावर चढवलं गेलं: २००४, २०१२, २०१३ आणि २०१५ मध्ये एकेक, आणि २० मार्च २०२० रोजी तिहारमध्ये चौघे. २०२२ या एका वर्षात देशात २८,५२२ खुनांची नोंद झाली. त्या आकड्यासमोर हे आठ ठेवून जरब बसते म्हणणाऱ्यांनी ती कुणावर बसते ते सांगावं. गुन्हेगार घाबरतो ते पकडलं जाण्याला आणि दोष सिद्ध होण्याला. त्या दोन गोष्टींची खात्री पोलीस ठाण्यात आणि प्रयोगशाळेत तयार होते.

चूक कळली तर वर दुरुस्त होते, असं एक उत्तर मिळतं. ते महाराष्ट्रातल्या वाचकांनी २०१९ च्या निकालाशी ताडून पाहावं. २००३ च्या नाशिककडच्या एका खून-दरोड्याच्या खटल्यात भटक्या समाजातल्या सहा जणांना फाशी झाली. उच्च न्यायालयानं तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली होती. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये ती वाढवून सहाही जणांना फाशी दिली. दहा वर्षांनी त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जण निर्दोष असल्याचं सांगितलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. जखमी साक्षीदार बाईनं पोलिसांच्या फोटोंतून वेगळ्याच चार जणांना ओळखलं होतं, आणि त्या दिशेनं तपास झालाच नव्हता. हा कागद २००३ पासून फायलीत होता. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, सगळ्यांच्या डोळ्यांखालून तो गेला. या सहांपैकी एकालाही मधल्या काळात फासावर चढवलं असतं तर भरपाई कुणाच्या हातात ठेवली असती? पुण्याच्या १९९४ च्या एका खटल्यातही असंच झालं. फाशीची शिक्षा झालेला एक जण गुन्ह्याच्या वेळी बारा वर्षांचा मुलगा होता, हे २०२३ मध्ये मान्य झालं. तो अठ्ठावीस वर्षं आत होता.

‘दहशतवादाचं काय?’ हा प्रश्न नेहमी येतो, आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगानं ऑगस्ट २०१५ च्या २६२ व्या अहवालात फाशी रद्द करण्याची शिफारस केली, पण दहशतवादी कृत्यं आणि देशाविरुद्ध युद्ध हे अपवाद ठेवले. राजकीय वाट सोपी व्हावी म्हणून ते समजण्यासारखं आहे. कसाबच्या दोषाबद्दल शंका नव्हती, हेही खरं. पण कायदा एका माणसापुरता लिहिता येत नाही, तो गुन्ह्यांच्या प्रकारासाठी लिहावा लागतो, आणि चुकीची भीती याच प्रकारात सर्वांत जास्त आहे. दबाव प्रचंड, पुरावा बऱ्याचदा कबुलीजबाबांवर, आरोपीबद्दल सहानुभूती शून्य. अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मे २०१४ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं, त्यांतल्या तिघांना फाशी झालेली होती. मुंबईच्या २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांत पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली होती. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. तो निकाल इतर खटल्यांत नजीर (दाखला) म्हणून वापरू नये असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे आणि प्रकरण तिथे पुढे चालेल. पण एवढ्या मोठ्या खटल्यात दोन न्यायालयं इतकी विरुद्ध टोकाला जाऊ शकतात, हीच अपवाद न ठेवण्याची पुरेशी सबब आहे.

शिवाय हा अपवाद आजच पोकळ आहे. प्रत्यार्पण कायद्याच्या कलम ३४-ग प्रमाणे, ज्या देशात फाशी नाही तिथून आरोपी आणला तर त्याला फाशीऐवजी जन्मठेपच देता येते. अबू सालेमला २००५ मध्ये पोर्तुगालनं ताब्यात दिलं तेव्हा फाशी देणार नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा जास्त तुरुंगात ठेवणार नाही, अशी हमी भारतानं दिली होती. ज्याच्याकडे परदेशात पळून जायची ऐपत आहे त्याला ही सवलत, आणि खंडव्याच्या मजुराला दोन आठवड्यांत फाशी.

आता विधेयकाकडे. गुन्हे आणि त्यांच्या शिक्षा ठरवणारी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. फाशी कमी करण्याची ती संधी होती, पण फाशीची कलमं वाढली. जमावानं केलेला खून, संघटित गुन्हेगारी, दहशतवाद यांना स्वतंत्र कलमं आली. सामूहिक बलात्कारात फाशीसाठी पीडितेच्या वयाची मर्यादा बारावरून अठरावर गेली. या सगळ्या कलमांत ‘मृत्युदंड किंवा आजीव कारावास’ असा पर्याय आधीच आहे, त्यामुळे ‘मृत्युदंड’ खोडण्याचं काम वरवर सोपं वाटतं. पण इथे पहिला खड्डा आहे.

नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७५ म्हणतं की ज्या गुन्ह्याला मृत्युदंड ही एक शिक्षा आहे, त्यात जन्मठेप झालेल्या कैद्याला चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सोडता येणार नाही. खुनाच्या कलमातून ‘मृत्युदंड’ काढला की हे कलम खुनाला लागूच पडत नाही! मसुदा लिहिणाऱ्यानं एवढं विसरलं तर उद्या एखादं राज्य सरकार आपल्या मर्जीतल्या खुन्याला आठ-दहा वर्षांत सोडून देऊ शकेल, आणि फाशी रद्द करण्याचं नाव कायमचं बदनाम होईल. म्हणून कलम ४७५ त्याच विधेयकात नव्यानं लिहावं लागेल: जिथे जिथे हा कायदा येण्याआधी मृत्युदंड होता, तिथे किमान चौदा वर्षं राहतील.

दुसरा खड्डा त्याच संहितेच्या कलम ४०७ चा. आज सत्र न्यायालयानं फाशी दिली की कैद्यानं अपील करो वा न करो, सगळी फाइल उच्च न्यायालयात जाते आणि दोन न्यायमूर्ती पुरावा पहिल्यापासून तपासतात. खंडव्याच्या आणि इंदूरच्या खटल्यांत वरच्या पायरीचा रस्ता या सक्तीच्या तपासणीतूनच सुरू झाला. फाशी गेली की ही सक्ती जाते. जन्मभर आत राहणाऱ्या गरीब कैद्याचं अपील मग विधिसेवेच्या एका वकिलावर आणि वर्षानुवर्षं तुंबलेल्या बोर्डावर सोडलं जाईल. तेव्हा वीस वर्षांहून जास्त विनासूट शिक्षेला ही सक्तीची तपासणी लागू करावी.

तिसरी गोष्ट मधल्या मापाची. विनासूट दीर्घ शिक्षेचा न्यायनिर्मित अधिकार फाशीच्या जागेवर उभा आहे: फाशी देता आली असती, ती देत नाही, म्हणून पंचवीस वर्षं. फाशीच नसेल तर हा युक्तिवाद लंगडा पडतो. संसदेनं सत्र न्यायाधीशांना स्पष्ट अधिकार द्यावा: वीस ते तीस वर्षांपर्यंतचा ठरावीक विनासूट कारावास, कारणं लिहून. आणि त्या मुदतीनंतर सुटका आपोआप होऊ नये. मंडळापुढे सुनावणी व्हावी, पीडित कुटुंबाला लेखी कळवून आणि त्यांचं म्हणणं ऐकून. मरेपर्यंत आतच, सुटकेचा विचारसुद्धा नाही, अशी शिक्षा मात्र कुणालाच नसावी. तुरुंगाधीक्षकांनाही अशा कैद्याला शिस्तीत ठेवणं अशक्य होतं, कारण त्याला गमावण्यासारखं काही उरत नाही.

चौथं, इतर कायद्यांत विखुरलेली फाशी. लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या कायद्याचं कलम ६, बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्याचं कलम १६, अमली पदार्थांच्या कायद्याचं ३१-क, सती प्रतिबंध कायदा, २०१६ चा विमान अपहरणविरोधी कायदा, लष्कर, नौदल आणि हवाई दलाचे कायदे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(२) मध्ये, खोट्या पुराव्यानं निरपराधाला फाशी झाली तर साक्षीदाराला फाशी, असं आजही सक्तीनं लिहिलेलं आहे. सक्तीची फाशी घटनाबाह्य असल्याचं १९८३ मध्येच ठरलं आहे, तरी अक्षरं तशीच आहेत. कलमं एकेक करून खोडत बसलं तर काहीतरी सुटणारच. त्यासाठी एक सर्वव्यापी कलम हवं: अन्य कोणत्याही कायद्यात काहीही असलं तरी मृत्युदंड दिला जाणार नाही, आणि तो वाचावा तिथे आजीव कारावास वाचावा. महाराष्ट्राच्या मकोकासारखे (संघटित गुन्हेगारीविरोधी) राज्यांचे कायदेही यात येतात. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांत आहे. राष्ट्रपतींच्या संमतीनं झालेला राज्याचा कायदाही संसदेला नंतर बदलता येतो, अनुच्छेद २५४ मध्ये तसं स्पष्ट आहे.

पाचवं, आज फाशीच्या छायेत असलेले कैदी. २०२४ च्या अखेरीस असे ५६४ जण होते. त्यांच्यासाठी विधेयकात तारीख लागेल. सर्वांची शिक्षा जन्मठेपेवर यावी, आणि सहा महिन्यांत उच्च न्यायालयानं प्रत्येकाची किमान मुदत ठरवावी. त्यांचं मूळ अपील मात्र थांबू नये. कारण त्यांत निर्दोष माणसंही आहेत, आणि फाशी टळली म्हणून त्यांना जन्मठेप भोगायला लावणं हा दुसरा अन्याय होईल.

दयेचा अर्ज हे या व्यवस्थेचं सर्वांत निष्ठुर टोक आहे. कोल्हापूरच्या दोघी बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये कायम केली. दयेचा अर्ज फेटाळायला सरकारला २०१४ उजाडलं. या दिरंगाईसाठी मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये शिक्षा जन्मठेपेवर आणली. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ मध्ये कैद्यानं तीस दिवसांत अर्ज करावा आणि केंद्र सरकारनं राज्याचं मत आल्यावर साठ दिवसांत शिफारस करावी असं घातलं आहे. राज्यानं मत किती दिवसांत द्यावं आणि राष्ट्रपतींनी किती दिवसांत ठरवावं, यांना मुदत नाही. वेळ जातो तो नेमका तिथेच.

हे विधेयक आणणार कोण? १९३१ मध्ये गयाप्रसाद सिंह यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात असं विधेयक मांडलं होतं. १९५६ मध्ये लोकसभेत मुकुंदलाल अग्रवाल यांचं विधेयक फेटाळलं गेलं. घटना समितीत ३ जून १९४९ रोजी डॉ. आंबेडकर म्हणाले होते की फाशीच्या अपिलांच्या तरतुदीवर वाद घालण्यापेक्षा फाशीच रद्द करण्याला आपण पाठिंबा देऊ. खासगी सदस्यांच्या, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांच्या, विधेयकांपैकी आजवर चौदाच कायदे झाले, आणि शेवटचा १९७० मध्ये. तो सर्वोच्च न्यायालयातल्या फौजदारी अपिलांची कक्षा वाढवणारा होता, हे इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तरीही अशा विधेयकांसाठी राखलेल्या शुक्रवारच्या अडीच तासांत हे काम होणार नाही. विधेयक सरकारनंच आणावं लागेल, आणि विधी आयोगाचा अहवाल दहा वर्षांपासून तयार आहे. नेपाळनं १९९० च्या राज्यघटनेतच फाशीला बंदी घातली. भूताननं २००४ मध्ये ती रद्द केली. हे दोन्ही देश आपल्यापेक्षा पोलीसदलानं भक्कम आहेत असं कुणी म्हणणार नाही.

उरली पीडितांची बाजू, आणि ती शेवटी आली म्हणून दुय्यम नाही. फाशी हाच पीडितांचा सन्मान, असं इंदूरच्या रीगल चौराह्यावर मेणबत्त्या घेऊन उभे राहणारे मनापासून मानतात. पण त्या घराला फाशीच्या खटल्यातून मिळतं काय? सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, पुनर्विचार, त्यानंतरची शेवटची क्युरेटिव्ह याचिका, राज्यपाल, राष्ट्रपती, पुन्हा रिट. प्रत्येक टप्प्यावर टीव्हीवर तोच फोटो. दिल्लीच्या २०१२ च्या खटल्यात, सगळा देश पाठीशी असताना, फाशीची तारीख तीनदा पुढे गेली आणि सात वर्षांहून जास्त काळ लागला. बाकीच्यांना पुढच्या पेशीची तारीखही कुणी कळवत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार तपासाची प्रगती नव्वद दिवसांत पीडिताला कळवायची असते. खटल्याच्या आणि अपिलाच्या टप्प्यावर संहितेत तसं सरसकट बंधन नाही. या विधेयकात ते घालावं: अपिलाची प्रत्येक तारीख, जामिनाचा प्रत्येक अर्ज, सुटकेची प्रत्येक सुनावणी पीडित कुटुंबाला लेखी कळवणं, आणि त्यांच्या भाषेत. राष्ट्रीय विधिसेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत महिला पीडितांच्या मृत्यूबद्दल पाच ते दहा लाख रुपये ठरलेले आहेत. ते निकालाची वाट न पाहता, आरोपपत्र दाखल झाल्यापासून तीस दिवसांत निम्मे तरी हातात पडावेत. आणि खटला वरच्या न्यायालयानं परत पाठवला तर त्या घराला स्वतःचा वकील सरकारी खर्चानं मिळावा. राजवाड्याजवळच्या त्या खटल्यासारख्या, बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत घरच्यांना परवडत नसेल तर विधिसेवेचा वकील देण्याची तरतूद कायद्यात आहे; तशी ती अशा प्रत्येक कुटुंबासाठी हवी.